वाईट उत्तर आधी

गौराक्काला पहिल्यांदा पाण्यात सोडलं त्या दिवशी त्रिशला मगदूमनं जेवणाचा डबा उघडलाच नाही. गौराक्का ही काही खरी बाई नव्हे. 'बुडीत' नावाच्या खेळातली, टोपल्या विणणारी, एका डोळ्यानं अधू असलेली आणि काहीही विचारलं की आधी खोकून मग उत्तर देणारी म्हातारी. धरणाचं पाणी गावात शिरतंय, होडी एकच आहे, आणि तिच्यात कोणाला घ्यायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं, असा तो खेळ. ज्याला घ्याल त्याच्यामुळे पुढची गोष्ट बदलते, ज्याला सोडाल त्याच्यामुळेही बदलते.

कोल्हापूरच्या ओसरी गेम्स या कंपनीनं तो बनवला होता आणि त्रिशला तिथं टेस्टर होती. खेळ बाजारात जायच्या आधी त्याच्या सगळ्या वाटा चालून बघणं हे टेस्टरचं काम. दिवसभर खेळायचे पैसे मिळतात म्हणून लोक हेवा करतात. दिवसभर लोणच्याची चव बघायचे पैसे मिळणाऱ्या माणसाचाही ते असाच हेवा करत असतील.

'बुडीत' खपला चांगला, पण कंपनीला एक दुखणं लागलं. लोक तो एकदाच खेळायचे. पंचवीसेक शेवट लिहिले होते, त्यांतला एक बघायचा आणि खेळ बंद. मग मालकांनी बिल्ले आणले. सगळ्यांना वाचवलंत, एक बिल्ला. पाटलाला दगा दिलात, दुसरा. कोणालाच वाचवलं नाहीत, तर सोनेरी. बिल्ला मिळाला की 'टिंग' असा गोड आवाज यायचा आणि तो मित्रांना दिसेल असा तुमच्या नावापुढे चमकायचा. एवढं करूनही दहातले जेमतेम दोघं परत खेळायला आले.

"का येत नाहीत?" डॉ. ईशान घोरपडेंनी बैठकीत विचारलं. हे कंपनीचे मेंदूशास्त्रज्ञ. उंच, मृदू बोलणारे, आणि समोरचा बोलत असताना खरोखर ऐकणारे. असा माणूस कंपन्यांना फार उपयोगी पडतो.

"बिल्ल्यासाठी येणारे येतातच, सर," त्रिशला म्हणाली. "ते मुळातच गोळा करणारे. बाकीच्यांची गोष्ट होऊन गेलेली असते. मी गौराक्काला होडीत घेतलं. आता एका बिल्ल्यासाठी तिला परत पाण्यात सोडू?"

"पण ती खोटी आहे."

"ती खोटी आहे. मी तिला घेतलं ते खरं आहे ना?"

घोरपडे हसले नाहीत. त्यांनी तिला तेच वाक्य परत म्हणायला लावलं. पुढे जे झालं त्याची सुरुवात त्या वाक्यात होती, आणि ते तिचंच होतं.

माणूस निवड करतो तेव्हा मेंदूत दोन गोष्टी होतात. काय निवडलं ते लक्षात राहतं, ही एक. दुसरी अशी, की निवडलेल्या गोष्टीचा भाव मेंदू आपोआप चढवतो आणि सोडलेलीचा उतरवतो. दोन साड्यांत गोंधळून एक घेतली की आठवड्याभरात तीच कशी उजवी होती हे आपण शेजारणीला पटवून द्यायला लागतो. घोरपडे याला माझेपणाचा शिक्का म्हणायचे. एकदा शिक्का बसला की उलटी निवड करताना माणसाला स्वतःशीच बेइमानी केल्यासारखं वाटतं. त्यापुढे बिल्ला काय टिकणार?

पण आठवण कायमची सुकलेली नसते. ती पुन्हा मनात आणली की काही तास ओली राहते आणि मग नव्यानं सुकते. ओली असताना तिच्यात फेरफार करता येतो. घोरपडेंनी कपाळाला बांधायची एक मऊ पट्टी बनवली. खेळ आधी तुमची जुनी निवड पडद्यावर दाखवायचा, म्हणजे आठवण वर यायची. मग पट्टी कानाला ऐकू न येणाऱ्या लहरी कपाळामागच्या वाटाण्याएवढ्या जागेवर सोडायची, त्याच क्षणी 'टिंग' वाजायचं आणि मेंदूला बक्षीस मिळायचं. आठवण पुन्हा सुकायची तेव्हा काय घडलं ते सगळं शाबूत असायचं. शिक्का तेवढा गेलेला असायचा.

तिचं नाव 'कोरी पट्टी' ठेवलं. लोक अक्षरशः तुटून पडले. ज्यांनी गौराक्काला वाचवताना डोळे पुसले होते, त्यांनी दुसऱ्या दिवशी तिला सोडलं, तिसऱ्या दिवशी तिच्या टोपल्या विकल्या आणि सोनेरी बिल्ला मिळवला. घरी खेळणाऱ्यांसाठी दिवसाला एका तासाची मर्यादा होती. टेस्टरांना मर्यादा घालायचं कोणाला सुचलं नाही, कारण ते खेळत नव्हते, काम करत होते.

टेस्टरांच्या खोलीत एक रीत होती. वाईट वाट आधी. म्हातारीशी बोलायचं असेल तर आधी तिला हिडीसफिडीस करायचं, मग गप्प राहायचं, आणि शेवटी गोड बोलायचं. चांगला शेवट आधी बघितला की माणूस सुखावतो आणि पुढचं काम रेंगाळतं, हे सगळ्यांना अनुभवानं कळलेलं. शिवाय शेवटी चांगलं करून ठेवलं की यंत्रात गाव वाचलेलं राहायचं आणि घरी जाताना बरं वाटायचं. पट्टी आल्यावर बरं वाटायचं काही उरलं नाही. रीत मात्र राहिली.

जयसिंगपूरच्या घरी त्रिशला आणि तिची आई अशा दोघीच. कोल्हापूरला रोज जाऊन येऊन. ऑफिसात ती 'आले, गेले' बोलायची आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की आईसारखं 'आलो, गेलो'. या भागातल्या बायका असंच बोलतात. आईला हल्ली लेकीचं बोलणं तेच वाटायचं, पण त्यात लेक सापडत नव्हती.

"भाजी दोडक्याची करू का भेंडीची?" आई विचारायची.

"कर की."

"कुठली?"

"आधी दोडका. नावडती आधी होऊन जाऊ दे."

हे हसून घालवण्यासारखं होतं. पण एकदा न्हाणीत आई पाय घसरून पडली. त्रिशला दारात आली आणि उभी राहिली. उचलायचं, शेजाऱ्यांना हाक मारायची, की परत जायचं, असे तीन पर्याय तिच्या डोळ्यांपुढे एकाखाली एक आले आणि तिन्ही तिला सारखेच वजनदार वाटले. आई खालून तिच्याकडे बघत होती. शेवटी आईच नळाला धरून उठली. काही मोडलं नव्हतं. त्रिशलाला वाईट वाटलं नाही, आणि वाईट वाटलं नाही याचंही काही वाटलं नाही. एवढंच कळलं की इथं काहीतरी वाटायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं घोरपडेंना सांगितलं.

"काम करताना मन घरी जातं का?" त्यांनी विचारलं.

"जायचंच, सर. गौराक्का बुडताना मला आमचे आप्पा आठवायचे."

आप्पा म्हणजे तिचे वडील. चार वर्षांपूर्वी ते मिरजेला दवाखान्यात होते. हृदय थकलं होतं, शस्त्रक्रिया केली तर वाचतील किंवा तिथंच जातील, असं डॉक्टर म्हणाले. घरी घेऊन जायचं, त्यांच्या अंगणात जे व्हायचं ते होऊ दे, असं त्रिशलाचं म्हणणं. ती औषधं आणायला खाली गेली होती तेवढ्यात थोरल्या भावानं, सन्मतीनं, शस्त्रक्रियेला हो म्हटलं. आप्पा आत गेले ते बाहेर आले नाहीत. तेव्हापासून त्रिशला भावाशी एक शब्द बोलली नव्हती. सन्मती निपाणीला राहायला गेला. आईला फोन करायचा, आणि आवाज ओळखून त्रिशला खोलीबाहेर जायची.

"राग होता खूप," ती म्हणाली. "परवा आठवून बघितला. सगळं आठवतं. राग नाही."

घोरपडेंनी चष्मा काढला. "पट्टीला कुठली आठवण खेळातली आणि कुठली घरची, हे कळत नाही," ते हळू म्हणाले. "वर आलेली प्रत्येक ती पुसते. आजपासून घालू नकोस. मी मालकांशी बोलतो."

"शिक्का परत बसतो का, सर?"

"जुन्यावर नाही. नव्या निवडीवर बसत असावा. एकदाच केलेली, आणि केल्यावर मागं न फिरता तिच्यापाशी राहिलेली निवड असेल तर." ते ओशाळले. "आम्ही तपासलेलं नाही. इथं सगळी यंत्रं परत फिरायचीच आहेत."

पट्टी सुटली. मन जिथं होतं तिथंच राहिलं.

भाद्रपदाची पौर्णिमा सरली आणि क्षमावाणीचा दिवस आला. दहा दिवसांचं दशलक्षण पर्व उरकलं की जैनांच्या घरी वर्षभरात ज्याचं ज्याचं मन दुखावलं त्याच्यापुढे हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणायचं, आणि त्यानंही तेच म्हणायचं. बरेच लोक आता ते फोनवर चित्र पाठवून उरकतात. सन्मती मात्र त्या दुपारी खव्याच्या कुंद्याचा डबा घेऊन दारात उभा राहिला. केस पिकले होते. आई त्याला बघून भिंतीला टेकली. तिची चार वर्षं या एका दुपारकडे डोळे लावून गेली होती.

तो आत आला, त्रिशलासमोर बसला आणि त्यानं हात जोडले.

"त्रिशला, उत्तम क्षमा. तुला न विचारता मी डॉक्टरला हो म्हटलं. आप्पांना घरी आणायचं होतं तुला. चुकलं माझं. ते काय डोक्यातनं जात न्हाई."

त्रिशलापुढे तीन उत्तरं एकाखाली एक आली. रीतीप्रमाणे तिनं पहिलं घेतलं.

"आप्पांना तू मारलंस," ती म्हणाली. "तुझ्या हातचं पाणीबी नको मला."

आईनं तोंडावर पदर घेतला. सन्मतीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण खांदे सैल पडले. जे ऐकायची चार वर्षं धास्ती होती ते एकदाचं ऐकून झालं होतं.

"बोल," तो म्हणाला. "मनात हाय ते सगळं बोल. ऐकायलाच आलोय."

त्रिशला थोडं थांबली. कुठं 'टिंग' वाजलं नाही.

"आता परत म्हण," ती म्हणाली.

"काय?"

"पहिल्यापासनं म्हण की. उत्तम क्षमा."

त्याला वाटलं, बहीण विरघळली. त्यानं डोळे पुसले, पुन्हा हात जोडले आणि पुन्हा सगळं म्हटलं, आप्पांच्या नावाशी अडखळत. त्रिशलानं ते संपेपर्यंत वाट बघितली.

"क्षमा केली, दादा. तुझी काय चूक न्हाई. आप्पांची वेळच आली होती."

आवाज तोच होता. वर नाही, खाली नाही. सन्मतीचे जोडलेले हात तसेच राहिले.

"आणि एक राहिलं," ती म्हणाली. "अजून एकदा म्हण. आता काय न बोलता आत जातो मी."

"त्रिशला," आई म्हणाली, "काय चालवलंयस हे?"

सन्मती बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. लहानपणी ती खोटं बोलली की तिचा डावा कान लाल व्हायचा. आता कान लाल नव्हता.

"ह्यातलं खरं कुठलं?" त्यानं विचारलं.

तिनं प्रामाणिकपणे विचार केला. "तुला चालेल ते घे. मला सारखंच हाय."

तो उठला. दाराशी जाऊन त्यानं पायात चपला घातल्या.

"चार वर्षं बोलली न्हाईस ते बरं होतं," तो म्हणाला. "तवा बहीण तरी होतीस. रागावलेली का असंना."

तो गेला. कुंद्याचा डबा पाटावर राहिला.

"जा त्याच्या मागं," आई म्हणाली. "आता गेला तर परत यायचा न्हाई तो. मी आई हाय त्याची, मला कळतं."

त्रिशला बसून राहिली. जायचं, न जायचं, आईला पाठवायचं. न जायचं हे सगळ्यांत वाईट, तेव्हा ते आधी. ती बसली. भिंतीवर आप्पांचा फोटो होता, त्याला सकाळीच हार घातला होता. आई आता तिच्याकडे बघत नव्हती. न्हाणीत पडली होती तेव्हा बघितलं होतं, तेवढंही आता बघत नव्हती. ती उठून कुंद्याचा डबा झाकायला लागली, आणि तिला झाकण नीट लागेना.

त्रिशला त्या झाकणाकडे बघत राहिली. न जाण्याची वाट संपल्यावर मग जायची वाट सुरू करता येईल, असं तिच्या डोक्यात कुठंतरी धरलेलं होतं. पण निपाणीची एसटी या वाटेसाठी परत फलाटाला लागणार नव्हती. हे तिला भीतीनं कळलं नाही, बेरीज जमावी तसं कळलं. भीती वाटायला हवी होती. ती कुठंच नव्हती. असती तर पाय आपोआप उचलले असते, आता ते तिलाच उचलावे लागणार होते.

तिनं ते उचलले.

भादव्याचं ऊन रस्त्यावर ओतल्यासारखं पडलं होतं. त्या दुपारी जयसिंगपूरच्या पेठेतून मगदूमांची लेक पळत गेली हे बऱ्याच लोकांनी बघितलं. दोघा-चौघांनी तिला 'उत्तम क्षमा' असं हाकारलं सुद्धा. ती थांबली नाही.

गाडी फलाटाला लागली होती. सन्मती खिडकीशी बसला होता, शेजारच्या जागेवर पिशवी. त्रिशला आत चढून त्याच्यापाशी उभी राहिली. त्यानं वर बघितलं आणि परत खिडकीबाहेर.

"आता कुठलं उत्तर आणलंस?"

"उत्तर न्हाई आणलं." तिला धाप लागली होती. "मला काय वाटत न्हाई, दादा. तुझा राग येत न्हाई. आप्पांचं रडू येत न्हाई. आई पडली तर तेबी वाटलं न्हाई. कामावर पट्टी लावायचो कपाळाला, तिनं झालंय हे. क्षमा केली म्हटलं तर खोटं हुईल आणि न्हाई केली म्हटलं तरी खोटं हुईल. वाटायला लागलं की सांगीन. तवर तुझ्याजवळ बसतो."

कंडक्टरनं दोरी ओढली आणि घंटी दोनदा वाजली, टिंग टिंग. सवयीनं त्रिशलाची मान वर गेली आणि नजर काहीतरी चमकेल म्हणून शोधायला लागली. काही चमकलं नाही. गाडी हलली.

"उतर," तो म्हणाला. "गाडी सुटली."

"न्हाई."

"आईला सांगितलंस?"

"फोन करतो तिला. उतरत न्हाई."

तो बराच वेळ पिशवीचा बंद हातात धरून बसला. मग त्यानं पिशवी उचलून मांडीवर घेतली. ती बसली. कंडक्टर आला तेव्हा तिनं स्वतःच निपाणीचं तिकीट मागितलं. मधल्या एखाद्या थांब्याचं मागून बघावं, असं तिच्या मनात आलं होतं, ते तिनं जाऊ दिलं. आईला फोन लावून ती म्हणाली, "दादाकडं निघालो." पलीकडून आईनं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

सन्मतीची नजर खाली गेली.

"चप्पल कुठाय तुझी?"

तिनं बघितलं. पाय उघडे होते. तळव्यांना डांबर लागलं होतं आणि उजव्या टाचेला चांगला मोठा फोड आला होता.

"भाजलं न्हाई?"

"कळलं न्हाई."

त्यानं आपल्या चपला काढल्या आणि पायानंच तिच्याकडे सरकवल्या.

"घाल."

तिनं घातल्या. मोठ्या होत होत्या, टाचेमागं दोन बोटं जागा राहत होती. दोघं समोर बघत बसले. तो झोपला नाही आणि तीही झोपली नाही. शेतं गेली, सूतगिरण्या गेल्या. कोणाला काही सुचत नव्हतं आणि कोणी उठूनही जात नव्हतं.

इचलकरंजीजवळ पंचगंगेचा पूल लागला तेव्हा तिनं पाय जरा हलवला आणि तशीच थांबली.

"दादा," ती म्हणाली, "टाच चुरचुरायला लागली."